वायरींचीही बेगमी



मिरगाच्या तोंडावर आपल्या घरांत बेगमीची घाई असते. वर्षाची चटणी कुटून बरणीत भरली जाते, शेवया-पापड कडक उन्हात वाळून डब्यात जातात, ज्वारीत कडुलिंबाचा पाला पडतो. घरातल्या दादीला मध्यरात्री उठवून विचारलं तरी ती सांगेल, मसूर कुठल्या डब्यात आहे आणि किती दिवस पुरेल.

आता त्याच घरातला टीव्हीखालचा खण उघडून बघा. तिथे वायरींचं एक भेंडोळं पडलेलं असतं. जुन्या मोबाईलचे चार्जर, कधीच बंद पडलेल्या डीव्हीडीची लाल-पांढरी-पिवळी वायर, कुठल्या तरी राउटरचा ॲडॉप्टर, जुन्या प्रिंटरची केबल. एक ओढावी तर पाच बाहेर येतात. ही कशाची म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं, "असू दे, लागेल कधीतरी."

मसूरही लागेल म्हणूनच ठेवलेली असते आणि वायरही. मग एकीला आपण बेगमी म्हणतो आणि दुसरीला अडगळ, ते का? मसूर निवडलेली, वाळवलेली, मोजलेली असते आणि ती कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. वायरीचं यातलं काहीच झालेलं नसतं. या महिन्यात तेवढंच करायचं आहे, वायरींना बेगमीचा नियम लावायचा.

आमच्या शाहूपुरीत हा विषय नुसत्या टापटिपीचा नाही. शाहू महाराजांनी वसवलेली ही व्यापारी पेठ. जवळच रेल्वे स्टेशन आणि एस. टी. स्टँड, आणि खालच्या अंगाला जयंती नाला. पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी पुढे सरकत नाही, उलटं फिरतं आणि कुंभार गल्लीसारख्या सखल भागात शिरतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये नदी ५० फुटांच्याही वर गेली. २०१९ ला तर शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, शहराची पाणी उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि अनेक भागांतली वीज बंद ठेवावी लागली.

अशा वेळी घरातली सगळ्यात मोलाची वस्तू कोणती? जिवंत फोन. बोट कुठपर्यंत येते, अब्बांच्या साखरेच्या गोळ्या कुठे मिळतील, खालाच्या घरचे वर पोचले का, हे सगळं त्याच्यावर कळायचं. वीज असलेल्या एखाद्या घरी एकाच बोर्डाभोवती दहा फोन जमायचे आणि कुणाची पिन कुणाला लागायची नाही. लहान नेब्युलायझर हातात असायचा, पण त्याचा ॲडॉप्टर घरातल्या खणात राहिलेला असायचा. त्या दिवसांत खणातली वायर सापडणं आणि न सापडणं यांत फार मोठं अंतर होतं. पूर आपल्याला विचारून येत नाही, पण पावसाळा मात्र दरवर्षी वेळेवर सांगून येतो. म्हणून हे काम मिरगाआधी.

चटईवर तीन ढीग

सुट्टीचा दिवस बघा. घरातल्या सगळ्या खणांतल्या, माळ्यावरच्या, कपाटामागच्या वायरी एका चटईवर ओता. घरातली सगळी माणसं बोलवा, पुरुष मंडळीही. कारण अर्ध्या वायरींचा इतिहास त्यांनाच ठाऊक असतो. मग तीन ढीग करा.

पहिला ढीग म्हणजे ज्यांचं उपकरण घरात आहे आणि चालू आहे अशा वायरी. दुसरा ढीग म्हणजे वायर धडधाकट, पण ती कशाची हे कुणालाच सांगता येत नाही. तिसरा ढीग म्हणजे आवरण फाटलेल्या, आतलं तांबं दिसणाऱ्या, पिन वाकलेल्या, जळका वास येणाऱ्या किंवा हलवल्याशिवाय चार्जच न करणाऱ्या वायरी. तिसऱ्या ढिगातली एकही वायर चिकटपट्टी गुंडाळून परत खणात जाता कामा नये. घरात रांगतं पोर असेल तर अजिबातच नाही.

खरं काम दुसऱ्या ढिगात आहे. तिथे पिन ओळखायला शिकावं लागतं. आजच्या बहुतेक फोनना लागते ती लांबट-गोल, उलटीसुलटी कशीही बसणारी टाइप-सी. त्याआधीच्या फोनची मायक्रो यूएसबी चपटी आणि एका बाजूला निमुळती असते, ती एकाच बाजूनं बसते. जुन्या टॉर्च, ब्लूटूथ स्पीकर, पॉवर बँक यांना अजूनही बहुधा तीच लागते, म्हणून ती सरसकट टाकू नका. तिच्यापेक्षा जाड आणि आखूड ती मिनी यूएसबी, जुन्या कॅमेऱ्यांची. जवळजवळ चौकोनी असते ती प्रिंटरची. आयफोनची पातळ लायटनिंग पिन २०१२ ते २०२२ या काळातल्या मॉडेलना लागते, २०२३ च्या आयफोन १५ पासून त्यांनीही टाइप-सी घेतली. युरोपीय संघानं तर २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना टाइप-सी सक्तीची केली आहे. म्हणजे पुढच्या काही वर्षांत आपल्या खणातली गर्दी आपोआप कमी व्हायला हवी.

मात्र सगळ्या टाइप-सी वायरी सारख्या नसतात. दिसायला जुळ्या बहिणी, पण काही फक्त चार्ज करतात, फोटो कॉम्प्युटरवर पाठवत नाहीत. फोन कॉम्प्युटरला जोडून बघा. फोनमधल्या फाइली दिसल्या तर वायर माहितीही नेते. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली साधी वायर ६० वॅटपर्यंत चालते. लॅपटॉपसाठीच्या जास्त ताकदीच्या वायरीवर १०० किंवा २४० वॅट असा आकडा बहुधा छापलेला असतो. अशी वायर सापडली की ती लॅपटॉपसाठीच वेगळी ठेवा.

ॲडॉप्टरची पाटी वाचा

साध्या यूएसबी वायरी लावून बघायला हरकत नाही. पण राउटर, सेट-टॉप बॉक्स, अजानचं घड्याळ, नेब्युलायझर, मुलांचा कीबोर्ड यांचे गोल पिनवाले ॲडॉप्टर "बसतंय का बघू" म्हणून लावायचे नाहीत. पिन बसली म्हणजे वीज जुळली असं नसतं. १२ व्होल्टचा ॲडॉप्टर ५ व्होल्टच्या वस्तूला लावला तर ती वस्तू क्षणात जाऊ शकते.

प्रत्येक ॲडॉप्टरवर बारीक अक्षरांत एक पाटी असते. मोबाईलच्या कॅमेऱ्यानं फोटो काढून मोठा केला की नीट वाचता येते. तिच्यावर तीन गोष्टी बघायच्या. आउटपुटचे व्होल्ट उपकरणावर लिहिलेल्या व्होल्टइतकेच हवेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. आणि एका छोट्या चित्रात अधिक-उणे दाखवलेलं असतं, ते उपकरणावरच्या चित्राशी जुळायला हवं. ही तिन्ही जुळली तरच लावा. एक जरी वाचता आली नाही तरी तो ॲडॉप्टर त्या वस्तूला लावू नका.

आखातात नोकरी केलेल्या घरांनी इनपुटची ओळही वाचावी. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात. सौदीत पूर्वी घरगुती वीज बऱ्याच ठिकाणी १२७ व्होल्टची असायची. त्या काळी मामूंनी आणलेली इस्त्री किंवा मिक्सर माळ्यावर असेल आणि त्यावर फक्त ११० किंवा १२७ लिहिलेलं असेल, तर ते आपल्या बोर्डात थेट लावणं म्हणजे जाळून टाकणं. "१००-२४०" असं लिहिलेलं असेल तर चिंता नाही, तो ॲडॉप्टर दोन्हीकडे चालतो.

गुंडाळी, बंद आणि चिठ्ठी

वायर मरते ती बहुधा पिनेपाशी. चार्जरच्या ठोकळ्याभोवती ती करकचून गुंडाळली की आतल्या बारीक तारा तिथेच तुटतात. म्हणून वायर ठोकळ्यापासून सुटी काढा, तळहाताएवढी सैल वेटोळी करा आणि पिनेजवळची चार बोटं जागा मोकळी सोडा. हाताच्या कोपरापासून पंजापर्यंत ताणून गुंडाळायची सवय मुलांना लावू नका, त्यानं वायरीला पीळ बसतो.

बांधायला रबरबँड नको. उन्हाळ्यात तो विरघळून वायरीला चिकटतो. शिवणकामातून उरलेल्या सुती पट्ट्या, जुन्या पायजम्याची नाडी किंवा दुकानात मिळणारी काटेरी चिकटपट्टी घ्या. लोखंडी तारेनं बांधू नका, ती आवरणात रुतते.

मग चिठ्ठी. औषधाच्या दुकानात मिळते ती पांढरी कागदी पट्टी यासाठी उत्तम. वायरीभोवती झेंड्यासारखी दुमडा आणि बॉलपेननं लिहा. काय लिहायचं? वस्तूचं नाव, खोली आणि ॲडॉप्टर असेल तर व्होल्ट. "हॉलमधला राउटर, १२ व्होल्ट", "अम्मींचं बीपीचं यंत्र", "अजान घड्याळ". नुसतं "चार्जर" लिहिलं तर चिठ्ठीचा उपयोग नाही.

हे लिहायचं काम मुलांकडे द्या. वर्गात आम्ही शुद्धलेखनाचे धडे देतो, पण घरात ज्या अक्षरावर कुणाचं तरी काम अवलंबून आहे ते अक्षर मूल जास्त जपून काढतं, असा आमचा अनुभव आहे. आणि चिठ्ठी दोन लिप्यांत असू द्या. अनेक घरांत दादी-नानी उर्दू वाचतात आणि नातवंडं मराठी. एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी लिहिली की दोघांनाही वायर सापडते. घरी एकटी असलेली दादी स्वतः उठून आपल्या यंत्राची वायर काढू शकली, तर या सगळ्या खटाटोपाचं चीज झालं म्हणायचं.

कुठे आणि किती

एकेक वायर एकेका पारदर्शक पिशवीत घाला आणि पिशव्या एका खोक्यात उभ्या लावा, पुस्तकांसारख्या. वरून बघितलं की चिठ्ठ्या दिसायला हव्यात. खोकं कमरेच्या वर ठेवा. सखल भागातल्या घरांनी तर पुराच्या जुन्या खुणेच्याही वर. कोल्हापूरच्या पावसाळ्यात भिंती ओल धरतात. ओलीनं पिनेवर हिरवट गंज चढतो. बुटांच्या खोक्यात किंवा औषधाच्या बाटलीत येणारी ओल शोषणारी लहान पुडी त्या खोक्यात टाका, फक्त मुलांच्या हाताला लागू देऊ नका. उंदरांसाठी झाकण घट्ट हवंच.

किती ठेवायच्या याचा सोपा हिशोब आहे. घरात जी पिन वापरात आहे तिची एक वायर चालू आणि एक राखीव. टीव्हीची एचडीएमआय एखादी जास्तीची. ज्या पिनेचं उपकरणच घरात उरलेलं नाही, ती ठेवायची नाही.

एक्स्टेन्शन बोर्ड मात्र या खोक्यात कोंबू नका, तो वेगळा टांगा. वापरताना त्याची वायर पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरीवर जड काम लावलं तर उष्णता आतल्या आत साठते. इस्त्री, गीझर, पाणी तापवायचा रॉड यांना तो बोर्ड नाहीच. पुराच्या पाण्यात बुडालेला बोर्ड वाळवून परत वापरायचा विचार करू नका, आतला गाळ दिसत नाही.

सखल भागातल्या घरांनी आणखी एक छोटी पिशवी वेगळी करावी आणि ती कागदपत्रांच्या पिशवीलाच बांधून टाकावी. तिच्यात घरातल्या फोनना लागणारी एकेक वायर, एक चार्जर, भरलेली पॉवर बँक आणि रुग्णाच्या यंत्राचा ॲडॉप्टर. पॉवर बँक महिन्यातून एकदा, वीजबिल भरायच्या दिवशी, चार्ज करायची म्हणजे विसर पडत नाही.

एका जुन्या फोनसाठी

"उपकरण नाही तर वायर नको" या नियमाला एक अपवाद आहे. आमच्या एका विद्यार्थिनीच्या घरी तिच्या मरहूम दादांचा बटणांचा फोन जपून ठेवला होता. त्यात त्यांच्या आवाजाच्या दोन-तीन रेकॉर्डिंग होत्या, पण फोन तीन वर्षं बंद. बारीक गोल पिनेचा तो चार्जर घरात नव्हता. शाळेत विषय निघाला आणि दुसऱ्या दिवशी एका वर्गमैत्रिणीनं तो आपल्या घरून आणून दिला. तिच्या अम्मीनं चिठ्ठी लावून ठेवला होता. बॅटरी तपासून घेऊन फोन चार्जिंगला लावला. त्या संध्याकाळी त्या घरात काय झालं असेल ते सांगायची गरज नाही.

तेव्हा चटईवर बसल्यावर जुने फोन आणि जुने कॅमेरेही सोबत घ्या. बॅटरी फुगलेली असेल तर चार्जिंगला लावू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. चालू झाला तर त्यातले फोटो, आवाज आधी दोन ठिकाणी उतरवून घ्या. ते काम झालं की ती वायर दुसऱ्या कुणाला द्यायला मोकळी झाली.

देण्यासाठी ठेवलेली वस्तू

देण्यावरून आठवलं. अम्मा पाऱ्यात एका लहान सूरहचं नावच 'अल-माऊन' आहे. जुन्या मुफस्सिरांनी या शब्दाचा एक अर्थ सांगताना हंडी, पोहरा, कुऱ्हाड अशा शेजाऱ्यापाजाऱ्यांत नेहमी मागितल्या जाणाऱ्या साध्या वस्तूंची नावं घेतली आहेत. अशी वस्तू अडवून धरणं चांगलं मानलेलं नाही. आज शेजारची भाभी कुऱ्हाड मागायला येत नाही, चार्जर मागायला येते. देण्याची इच्छा असते, पण भेंडोळ्यातून सापडत नाही आणि ती रिकाम्या हातानं परत जाते.

हजचंच बघा. सौदीतल्या बोर्डात इंग्लंडसारखी तीन चपट्या खाचांची पिन लागते, आपली गोल पिन तिथे बसत नाही. हज-उमराहला जाणारा प्रत्येक जण एक जोडणारी पिन विकत घेतो आणि परत आल्यावर ती खणात पडते. पुढच्या वर्षी त्याच गल्लीतला दुसरा हाजी नवी घेतो. "सौदीची पिन" अशी चिठ्ठी लावून ती काढून ठेवली, तर एकच पिन कितीतरी प्रवास करेल. घेणाऱ्यानंही ती अमानत समजावी. नेली त्या चिठ्ठीसकट, गुंडाळून परत करावी.

तिसऱ्या ढिगाचं काय

खराब वायरी कचऱ्यात फेकू नका आणि तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्याला तर देऊच नका. वायरीचं प्लॅस्टिक जळताना विषारी वायू आणि डायऑक्सिनसारखी घातक रसायनं सुटतात. ती सगळ्यात आधी तिथे बसून तांबं वेचणाऱ्या पोरांच्या छातीत जातात. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशभर लागू आहेत आणि जुन्या इलेक्ट्रॉनिक मालाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा नवीन वस्तू घेताना दुकानदाराला विचारा, जुना माल कुठे जमा होतो. मोहल्ल्यातल्या आठ-दहा घरांनी मिळून एक पोतं भरलं तर नोंदणीकृत केंद्रापर्यंत पोचवणं सोपं जातं. देण्याआधी फाटक्या वायरीची पिन कापून टाका, म्हणजे ती उचलून कुणी पुन्हा वापरणार नाही. कापताना ती बोर्डात नाही ना, हे आधी बघा.

या महिन्याचं काम एवढंच. एक चटई, तीन ढीग, एक खोकं, पांढरी पट्टी आणि बॉलपेन. झालं की एक परीक्षा घ्या. संध्याकाळी दिवे बंद करा आणि घरातल्या सगळ्यात लहान वाचणाऱ्या मुलाला टॉर्च देऊन सांगा, "अम्मींच्या बीपीच्या यंत्राची वायर आण." मूल एका मिनिटात घेऊन आलं, तर तुमची बेगमी पक्की. पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, घरातल्या कागदपत्रांच्या फाईलबद्दल बोलू.